महिनाभराचा कार विमा मिळतो का? सुट्टीवर येणाऱ्यांनी आणि घरच्यांनी करायचा खरा हिशोब

ईद जवळ आली, किंवा मे महिन्यात निकाहांचा हंगाम सुरू झाला, की आखाती देशांतून आपली माणसं गावी यायला लागतात. दापोली, खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन, राजापूर या भागात कित्येक घरांसमोर एक गाडी वर्षातले दहा महिने कव्हरखाली उभी असते. मालक दुबईत, कुवेतमध्ये किंवा कतारमध्ये. तो यायचा म्हटलं की गाडी धुतली जाते, बॅटरी चार्ज होते, टायरमध्ये हवा भरली जाते. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की विमा तर सहा महिन्यांपूर्वीच संपलाय. आणि सवाल निघतो: गाडी चालणार तीस दिवस, मग पैसे वर्षभराचे कशाला? एक महिन्याचा विमा मिळत नाही का?

सवाल रास्त आहे. त्याचा जवाब मात्र बऱ्याच जणांना अर्धाच माहीत असतो, आणि त्या अर्ध्या माहितीवर कुणी विना विमा गाडी रस्त्यावर काढतं, तर कुणी व्हॉट्सअॅपवर आलेल्या 'स्वस्त' पॉलिसीला फसतं. म्हणून आम्ही इथे पूर्ण हिशोब मांडतो आहोत.

थोडक्यात सांगायचं तर

भारतात खासगी कारसाठी पंधरा दिवसांची किंवा महिन्याची पॉलिसी बाजारात सहज मिळत नाही. कंपन्या साधारणपणे वर्षाचीच पॉलिसी देतात. नव्या कारला तर सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार 1 सप्टेंबर 2018 पासून सलग तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. आणि कुठे कमी मुदतीचा विमा मिळालाच, तरी दिवसाच्या हिशोबाने तो महाग पडतो. पैसे वाचवायला जागा आहे, पण ती मुदत कमी करण्यात नाही. ती दुसरीकडे आहे, आणि तीच पुढे सांगतो.

परदेशात मिळतो, मग इथे का नाही?

ब्रिटनमध्ये आपले नातेवाईक आहेत त्यांना विचारा. तिथे एक तासापासून साधारण 28 दिवसांपर्यंतचा तात्पुरता कार विमा मिळतो. कारण तिथला विमा मुख्यतः चालवणाऱ्या माणसाचं नाव, वय आणि रेकॉर्ड बघून दिला जातो. भावाची गाडी दोन दिवस चालवायची असेल तर आपल्या नावाने दोन दिवसांचा विमा काढावा लागतो.

आपल्याकडे पद्धत वेगळी आहे. इथे विमा गाडीला चिकटलेला असतो. गाडीचा विमा चालू असेल, तर मालकाच्या परवानगीने वैध लायसन्स असलेला कुणीही ती चालवू शकतो. भाऊ, जावई, मेहुणा, शेजारी, कुणासाठीही वेगळा तात्पुरता विमा लागत नाही. म्हणजे सुट्टीवर आलेल्याने स्वतःसाठी विमा शोधत बसण्याऐवजी गाडीचे कागद बघावेत.

थर्ड पार्टी: इथे भाव करायला वाव नाही

कार विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, दुखापत झाली किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार हा विमा असल्याशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही.

याचे दर केंद्र सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेले खासगी कारचे वर्षाचे दर असे आहेत:

- 1000 सीसीपर्यंत: 2,094 रुपये
- 1000 ते 1500 सीसी: 3,416 रुपये
- 1500 सीसीच्या वर: 7,897 रुपये

यावर 18 टक्के जीएसटी धरा. मधल्या गटातली, म्हणजे 1200 सीसीची कार असेल तर 4,031 रुपये होतात. दिवसाला अकरा रुपये. लहान कारला 2,471 रुपये, म्हणजे दिवसाला सात रुपयांहूनही कमी.

हे दर सगळ्या कंपन्यांना सारखेच आहेत. तेव्हा 'आमच्याकडे थर्ड पार्टी निम्म्या दरात' किंवा 'तीनशे रुपयांत एक महिन्याचा कार विमा' असं कुणी सांगत असेल, तर तो कागद खोटा असण्याचीच शक्यता जास्त. असा कागद पोलिसांच्या मशीनवरही चालत नाही आणि कोर्टातही नाही.

आता उलट बाजू बघा. विना विमा गाडी चालवताना सापडलं तर कलम 196 प्रमाणे पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर दंड 4,000 रुपये. हे कलम चालवणाऱ्याला लागू आहे आणि चालवायला देणाऱ्यालाही. लहान कारचा एक दंड आणि वर्षाचा विमा यांत पाचशे रुपयांचाही फरक उरत नाही.

पण दंड ही छोटी गोष्ट. खरी भीती अपघाताची. चूक कुणाचीही असो, कलम 164 नुसार मृत्यू झाल्यास 5 लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये भरपाई द्यावी लागते. चूक सिद्ध होऊन मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा गेला, तर जखमीचं किंवा मयताचं वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं बघून रक्कम ठरते. कमावत्या तरुणाच्या बाबतीत ती कित्येक लाखांत जाते. विमा असेल तर कंपनी भरते. नसेल तर मालकाने भरायची. वीस वर्षं आखातात राबून बांधलेलं घर एका संध्याकाळच्या फेरीत अडकू शकतं.

ओन डॅमेज: इथे हिशोब करता येतो

दुसरा भाग म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान: अपघात, चोरी, आग, पूर. हा ऐच्छिक आहे आणि याचे दर कंपनीगणिक बदलतात. तुलना करायची ती इथेच.

कमी मुदतीचा विमा महाग का पडतो, ते जुन्या मोटर टॅरिफच्या तक्त्यावरून कळतं. त्यात एक महिन्यासाठी वर्षाच्या प्रीमियमच्या 20 टक्के, दोन महिन्यांसाठी 30 टक्के, तीन महिन्यांसाठी 40 टक्के, सहा महिन्यांसाठी 70 टक्के, आणि आठ महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्षाचे पैसे, असा हिशोब होता. समजा वर्षाचा ओन डॅमेज प्रीमियम 4,000 रुपये आहे. वर्षभरासाठी दिवसाला अकरा रुपये पडतात. एक महिन्याचे 800 रुपये म्हणजे दिवसाला जवळजवळ सत्तावीस रुपये. सहा महिन्यांचे 2,800. मुदत अर्धी केली तरी पैसे अर्धे होत नाहीत.

आता कुणी म्हणेल, वर्षाची पॉलिसी घेऊन दोन महिन्यांनी रद्द केली तर? विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या नियमांप्रमाणे, क्लेम घेतलेला नसेल तर एक वर्षापर्यंतच्या पॉलिसीत उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे परत मिळतात. थर्ड पार्टी भाग सक्तीचा असल्याने तो असा सहज रद्द होत नाही, त्या जागी दुसरा विमा दाखवावा लागतो. ओन डॅमेज मात्र रद्द करता येतो. कायद्याने यात काही गैर नाही. पण फायदा होतो का, ते पुढच्या हिशोबात बघा.

खंड पडला की बोनस गेला

वर्षभर क्लेम घेतला नाही की पुढच्या वर्षी ओन डॅमेज प्रीमियममध्ये सूट मिळते. तिला नो क्लेम बोनस म्हणतात. पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50 टक्के. दहा महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांना बहुतेक वेळा हा बोनस पूर्ण मिळालेला असतो.

पण विमा संपून 90 दिवसांच्या आत नवा घेतला नाही, तर हा बोनस शून्य होतो. आपल्या लोकांचं सर्वात जास्त नुकसान इथेच होतं.

समजा 1200 सीसीची कार. ओन डॅमेज प्रीमियम 8,000 रुपये, त्यावर 50 टक्के बोनस, म्हणजे 4,000. थर्ड पार्टी 3,416. जीएसटी धरून एकूण 8,751 रुपये, दिवसाला चोवीस. आता मालक सहा महिने विमा न भरता राहिला आणि सुट्टीवर आल्यावर काढायला गेला. बोनस गेला, ओन डॅमेज 8,000, एकूण 13,471 रुपये. एका वर्षात 4,720 रुपये जादा, आणि 50 टक्क्यांवर परत पोचायला बिनक्लेमची पाच वर्षं. वर कंपनी गाडीची तपासणी किंवा व्हिडिओ मागणार तो वेगळा, त्यात सुट्टीचे दिवस जाणार.

रद्द करून पैसे वाचवायच्या युक्तीचंही तेच. 4,000 मधले दहा महिन्यांचे साधारण 3,333 रुपये परत मिळाले, पण पुढच्या वेळी बोनस गेल्यामुळे 4,000 जादा द्यावे लागले. नफा कुठे झाला?

शिवाय उभ्या गाडीला धोका नाही हा समजही चुकीचा. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणमध्ये अंगणात आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्याच पाण्याखाली गेल्या. अशा वेळी नुसता थर्ड पार्टी विमा एक रुपयाही देत नाही. भरपाई ओन डॅमेजमधूनच मिळते. आणि पाण्यात बुडालेल्या गाडीचं इंजिन सुरू करून बघू नका. त्याने इंजिन बिघडलं तर 'इंजिन प्रोटेक्ट' हे जोडकलम नसताना त्या खर्चाचा क्लेम सहसा मंजूर होत नाही.

मग पैसे वाचवायचे कुठे?

किलोमीटरवर विमा. जुलै 2022 पासून आयआरडीएआयने 'पे अॅज यू ड्राइव्ह' प्रकाराला परवानगी दिली आहे. गाडी वर्षात किती चालणार ते आधी सांगायचं, त्यानुसार ओन डॅमेज प्रीमियम कमी होतो. मर्यादा संपत आली तर किलोमीटर वाढवून घेता येतात. महिनाभर चालणाऱ्या गाडीसाठी 'एक महिन्याच्या विम्या'च्या सर्वात जवळची सोय हीच. वर्षभर संरक्षण राहतं, बोनस टिकतो, आणि पैसे वापराप्रमाणे जातात. सूट फक्त ओन डॅमेजवर असते, थर्ड पार्टीवर नाही.

घरात दोन-तीन गाड्या एकाच नावावर असतील तर सगळ्यांसाठी एकच फ्लोटर पॉलिसी मिळते का ते विचारा.

अपघात विमा दोनदा भरू नका. मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. पण तो दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत आधीच असेल, किंवा तेवढ्याच रकमेचा वेगळा अपघात विमा असेल, तर पुन्हा घ्यायची गरज नाही. फॉर्मवर तसं लिहून द्यायचं.

स्वेच्छेने काही भार उचला. क्लेमच्या वेळी अमुक रक्कम मी भरीन असं मान्य केलं की प्रीमियम कमी होतो. गाडी जुनी असेल आणि छोट्या ओरखड्यांचे क्लेम घ्यायचेच नसतील, तर हे परवडतं.

गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, मात्र मुद्दाम कमी लावू नका. प्रीमियम थोडा कमी होतो, पण गाडी चोरीला गेली तर तेवढीच कमी रक्कम हाती येते.

तुलना कशी करावी

निदान तीन ठिकाणी दर विचारा: सध्याची कंपनी, एखादी सरकारी विमा कंपनी आणि एखादी ऑनलाइन कंपनी. तुलना करताना आयडीव्ही सारखी, बोनस सारखा, जोडकलमं सारखी आणि स्वतः भरायची रक्कम सारखी ठेवा. नाहीतर आंबा आणि फणस यांचा भाव करत बसल्यासारखं होतं. थर्ड पार्टीचा आकडा सगळीकडे सारखाच असणार, तेव्हा फक्त ओन डॅमेजचा आकडा बघा.

मागच्या वर्षी क्लेम घेतला असेल तर नव्या कंपनीला खरं सांगा. खोटा बोनस लावला तर पुढचा क्लेम अडकतो. आणि खोटं ते खोटंच, ते कंपनीशी बोललं म्हणून हलकं होत नाही.

पॉलिसी हाती आली की गाडी नंबर, चेसिस नंबर आणि सुरू होण्याची तारीख व वेळ वाचा. त्या वेळेआधी झालेला अपघात पॉलिसीत बसत नाही. 'आज पैसे भरले, आजच विमानतळावर निघालो' अशी घाई करू नका. एम-परिवहन अॅपवर आपल्या गाडीचा विमा दिसतो का तेही तपासा.

मागून आणलेली, भाड्याची आणि जुनी गाडी

नातेवाईकाची गाडी लग्नासाठी मागून आणली तर तिचा विमा चालू आहे का, एवढं विचारायला लाजू नका.

शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन आणली तर मामला बिघडतो. खासगी कारच्या पॉलिसीत भाड्याने देणं बसत नाही. अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते. भाड्याने घेऊन स्वतः चालवायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली अधिकृत सेल्फ-ड्राइव्ह गाडी घ्या.

जुनी गाडी विकत घेतली तर मूळ थर्ड पार्टी विमा कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येतो, पण 14 दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावं. ओन डॅमेजचा लाभ नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. विकणाऱ्याचा बोनस विकणाऱ्याचाच राहतो. तो कंपनीकडून पत्र घेऊन तीन वर्षांच्या आत आपल्या दुसऱ्या गाडीवर लावू शकतो.

गाडी मरहूम अब्बांच्या नावावर असेल तर पॉलिसी साधारणपणे इंतकालानंतर तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी असेल तोवरच चालते. तेवढ्यात वारसाच्या नावाने कागद करून घ्या.

लायसन्स विसरू नका

विमा आहे पण लायसन्स संपलंय, अशी गत सुट्टीवर येणाऱ्यांची फार होते. नुसत्या दुबईच्या किंवा सौदीच्या लायसन्सवर इथे गाडी चालवू नका. चालू असलेलं भारतीय लायसन्स हवं, किंवा तिथून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. भारतीय लायसन्स संपून एक वर्ष उलटलं असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. वैध लायसन्स नसताना अपघात झाला, तर अनेक प्रकरणांत कोर्ट कंपनीला जखमीचे पैसे द्यायला लावतं आणि मग कंपनी ते मालकाकडून वसूल करते. आपल्या गाडीच्या नुकसानीचं तर विसराच.

दीनी बाजू

विम्याचं नाव निघालं की हाही सवाल येतो, आणि तो टाळून चालणार नाही. जेद्दाहच्या इंटरनॅशनल इस्लामिक फिक्ह अकॅडमीने 1985 मध्ये ठरलेल्या प्रीमियमचा व्यापारी विमा नाजायज आणि परस्पर सहकार्यावरचा विमा जायज ठरवला. त्याच सहकार्याच्या तत्त्वावर तकाफुल चालतो. आपल्याकडे गाडीसाठी तकाफुलचा पर्याय बाजारात नाही. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा मजबुरी म्हणून घ्यावा, असं अनेक उलेमा सांगतात. ओन डॅमेजबाबत मतभेद आहेत. त्याबद्दल आपल्या भागातल्या मुफ्तींना विचारून निर्णय घ्यावा.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना मान्य होईल. आपल्या गाडीखाली कुणाचा कमावता माणूस गेला, तर त्याच्या घरच्यांचा आपल्यावर हक्क आहे. तो हुकूकुल इबादचा मामला आहे. त्यांना भरपाई मिळण्याची सोय न करता गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे दुसऱ्याच्या हक्काशी खेळणं.

घरच्यांनी आजच करायची कामं

पॉलिसीची शेवटची तारीख घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये टाका, एक इथला आणि एक परदेशातला. मुदत संपायच्या महिनाभर आधी दर विचारायला सुरुवात करा. पैसे परदेशातूनही ऑनलाइन भरता येतात, सुट्टीची वाट बघायची गरज नाही. विमा आधीच संपला असेल तर 90 दिवस झालेत का ते आधी मोजा. झाले नसतील तर आजच भरा, बोनस वाचेल.

कंपनीने क्लेममध्ये किंवा परताव्यात अडवलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे काम झालं नाही तर आयआरडीएआयचं 'बीमा भरोसा' पोर्टल आहे, 155255 हा टोल फ्री नंबर आहे. त्यापुढे मुंबई आणि पुण्याला विमा लोकपालांची कार्यालयं आहेत. तिथे 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार चालते, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.